बदामी गाडी गेली कुठे?

"ढकल! अरे ढकल म्हणतेय, टेकून काय उभा राहिलास?"

"ढकलतोय की! तूच नुसती तोंडाने ढकलतेयस!"

"गप रे दोघं! उंबरा आला... हां... एक, दोन, हुप्प!"

गाडी उंबऱ्यावरून धप्पकन उतरली आणि गोदामातून गल्लीतल्या उन्हात आली. तिघंही घामाघूम होऊन तिच्या बॉनेटला टेकले.

हुकूम सोडणारी ती थोरली. टेकून उभा असलेला तो तिचा धाकटा भाऊ, पक्कड. तान्हा असताना त्याने डॉक्टरचा अंगठा धरला तो दोन नर्सनी मिळून सोडवला, तेव्हापासून हेच नाव. दोघं कालच सुट्टीला मामाकडे आले होते. आणि तिसरा मामाचा पोरगा, भुंगा. दिवसभर तोंडाने इंजिनाचा आवाज. जेवताना पहिल्या गिअरमध्ये, झोपताना न्यूट्रलमध्ये!

मामाचं चष्म्याचं दुकान होतं, पण जीव सगळा या गोदामात. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागचं गोदाम, आणि आत ओळीने उभ्या जुन्या गाड्या. शर्यतीच्या नव्हेत, राजे-महाराजांच्या तर नव्हेतच. साध्या चार दारांच्या घरगुती गाड्या. बाप चालवतोय, आईच्या मांडीवर पिशवी, मागे पोरं कोंबलेली, तसल्या! एके काळी घरटी दिसायच्या, आता औषधाला सापडत नाहीत.

लोक हसायचे. "मामा, कबाडखाना काढलात का?"

मामा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "राजाची गाडी जपायला शंभर माणसं असतात रे. आपल्या बापाची गाडी कोण जपतं? रंग उडाला की द्या भंगारात!"

त्याचा एकच नियम होता. बाहेरून गाडी हवी तेवढी धुवा, आतून पुसायची नाही. सीटखाली कुणाची केसातली पिन असेल, पेन्सिलीचा तुकडा असेल, राहू दे. ज्यांच्या गाड्या होत्या ती माणसं इथे बसायला यायची ना! शेजाऱ्याकडे बसायला जातो तशी! औषधवाले अण्णा यायचे, बापाच्या गाडीत पुढे बसून एकदाच हॉर्न दाबायचे, डोळे पुसून निघून जायचे. दोन पिकल्या केसांच्या बहिणी यायच्या आणि खिडकीची जागा कुणाची यावरून भांडायच्या.

"तुझी कसली? तुला उलटी व्हायची म्हणून द्यायचे!"

"मग आता होत नाही म्हणून सरकू का?"

कारखान्याच्या भिंती ओल धरायच्या, सीटना बुरशी यायची. म्हणून मामा एकेक गाडी पाळीपाळीने बाहेर काढायचा, चारी दारं सताड उघडायचा, मागची सीट उपसून भिंतीला टेकवायचा. गाद्यांना ऊन दाखवतात, अगदी तसं. आज पाळी होती बदामी गाडीची. तिचं इंजिन दुरुस्तीसाठी बाहेर काढून ठेवलेलं, पुढचा एक टायर बसलेला. पण मामा सगळ्यांत जपायचा तो तिलाच.

सीट उपसून झाली. ऊन भिंतीच्या पलीकडच्या अंगाला जास्त होतं, म्हणून तिघांनी ती तिकडे नेऊन ठेवली. मामा दुकानाची किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, "मी निघालो. कुणी एकाने तरी गाडीपाशी थांबायचं. समजलं?"

"समजलं!" तिघं एका सुरात ओरडले.

थोड्या वेळाने कोपऱ्यावर आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजली. थोरलीला वाटलं, भुंगा आहे की. भुंग्याला वाटलं, पक्कड काही हलायचा नाही. पक्कडला वाटलं, थोरली असताना काळजी कसली! आणि तिघं तीन बाजूंनी एकाच गाड्याशी पोचले, गर्दीतून आइस्क्रीम घेऊन वळले ते एकमेकांवरच धडकले.

"तू इथे?" थोरली किंचाळली. "मग गाडीपाशी कोण?"

आइस्क्रीम तिथेच टाकून तिघं पळाले. गल्ली रिकामी! भिंतीपलीकडे सीट तशीच ऊन खात पडलेली आणि इकडे गाडीचा पत्ता नाही!

भुंग्याच्या तोंडातून आवाज निघेना. पक्कड उगाचच भिंतीमागे डोकावून आला. एवढी मोठी गाडी भिंतीमागे कशी मावेल, हे त्यालाही माहीत होतं. पण बघणार तरी कुठे?

मामा आला. त्याने रिकामी गल्ली पाहिली. पोरांना वाटलं, आता कानफटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. मामा नुसता पायरीवर बसला.

पोलीस चौकीत तर वेगळीच तऱ्हा. साहेबाने विचारलं, "इंजिन?"

"नाही."

"मागची सीट?"

"ती आहे. घरी."

"म्हणजे इंजिन नाही, सीट नाही, टायर बसलेला. आणि ही चोरीला गेली? अहो, चोराला शोधून बक्षीस द्या! फुकटात भंगार उचललं त्याने!" सगळी चौकी खो खो हसली.

घरी आल्यावर मामा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मामीने चहा आणला तो निवून गेला.

"भंगारवाल्याला निरोप धाड," तो भिंतीला सांगितल्यासारखं बोलला. "रविवार झाला की ने म्हणावं सगळ्या. लोक विश्वासाने देतात. एक सांभाळता आली नाही, बाकीच्या कशाला ठेवायच्या?"

"मामा, आमची चूक..." थोरली म्हणाली.

"तुमची कसली? पोरं ती पोरंच. मीच थांबायला हवं होतं." ओरडला असता तर एक वेळ सोसलं असतं. हे सोसवेना.

आता उरलं होतं सगळ्यांत अवघड काम. घड्याळवाल्या काकूला सांगायचं.

काकू मामाच्या दुकानाला लागूनच घड्याळं दुरुस्त करायची. बदामी गाडी तिच्या घरची. दर रविवारी ती यायची, मागच्या सीटवर उजव्या खिडकीशी बसायची आणि तासाभराने गुपचूप निघून जायची. तिघं दुकानात गेले तेव्हा ती डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकं घालून बसली होती. थोरलीने कसंबसं सांगितलं.

काकूने मान वर केली नाही. चिमटा मात्र हवेत थांबला. मग ती म्हणाली, "बरं."

तिघं निघाले, तशी मागून हाक आली. "पोरांनो... काच पुसणार नाही ना कुणी?"

बाहेर आल्यावर पक्कडने विचारलं, "कसली काच रे?"

भुंगा पहिल्यांदाच इंजिन बंद करून बोलला. "तिचा मुलगा होता. आपल्याएवढाच. तापाने गेला. त्याने मागच्या काचेवर बोटाने जहाज काढलंय. बिस्किटाचं लोणी लागलेल्या बोटाने! नुसतं बघितलं तर दिसत नाही. काचेवर हाऽऽ करून वाफ सोडली की दिसतं. काकू रविवारी येऊन तेच करते. हाऽऽ करते, जहाज येतं. वाफ गेली की ते जातं. मग पुन्हा हाऽऽ. काका पण गेले नंतर. आता तेवढंच आहे तिला."

थोरली मटकन फुटपाथवर बसली. "आणि आपण आइस्क्रीम खायला गेलो!"

"खाल्लं कुठे?" पक्कड रडवेल्या आवाजात म्हणाला. "टाकलं ना."

"रविवार परवा आहे," थोरली डोळे पुसत उठली. "चला! गाडीला पंख नव्हते. इंजिनही नव्हतं. कुणीतरी ओढूनच नेली असणार."

"दोरीने! आणि टायर बसलेला!" भुंगा उडालाच. "बसल्या टायरवर गाडी ओढली ना, तर टायर फाटतो. मग लोखंडी रिम रस्त्यावर घासते. खर्रर्रर्र!"

तिघं गल्लीच्या तोंडाशी धावले. वळणावर रबराची एक चिंधी पडलेली, आणि तिथून पुढे डांबरावर पांढरी रेघ! खडूने ओढावी तशी!

"सापडली!" पक्कड रस्त्यावर पालथाच पडला. एका सायकलवाल्याने शिव्या घातल्या.

रेघ बाजारातून गेली. भाजीच्या पाट्यांखाली शिरली. एका बाईने "माझ्या पाटीखाली काय शोधतोस रे मेल्या?" म्हणून पक्कडला हाकललं. शाळेपुढून गेली, पुलावर दिसेनाशी झाली, उतारावर परत सापडली. आणि शेवटी एका मोठ्या पत्र्याच्या दारापाशी जाऊन थांबली. दारावर पाटी होती, 'डेकोरेटर : लग्न, उद्घाटन, सर्व प्रकार'.

आतून फुसफुस आवाज आणि रंगाचा उग्र वास. पक्कडने फटीला डोळा लावला आणि मागे वळला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"आहे का?"

"आहे. पण... लाल आहे."

दार धाडकन उघडलं. रंगाने माखलेला डेकोरेटर. "काय रे, काय बघता?"

थोरलीने लगेच साखर पेरली. "काका, किती छान गाडी! तुमची आहे?"

"माझी कसली! नवीन हॉटेल निघतंय ना, 'जुने दिवस' नावाचं, तिथे ठेवायची. मालक म्हणाला, जुनी घरगुती गाडी पाहिजे, लोक फोटो काढतील. नशीब बघ, गल्लीत पडलेली सापडली! दारं उघडी, सीट गायब. टाकून दिलेली! टेम्पोला बांधली आणि आणली."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"भंगाराला काय विचारायचं? उद्या उद्घाटनाला या, मोफत सरबत आहे. पळा आता!"

तिघं धावत घरी. पण मोठ्यांचं डोकं कधी वेळेवर चालतं का?

"लाल?" मामी म्हणाली. "आपली बदामी होती बाळा."

"अगं मामी, रंगवलीय!"

मामाने कूसही बदलली नाही. "गेली ती गेली. नका रे जखमेवर मीठ चोळू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं हॉटेलवर हजर. दाराशीच, भिंतीला खेटून, कुंड्यांच्या गराड्यात लालभडक गाडी उभी. चकचकीत! मागच्या सीटच्या जागी सोफ्याची गादी. आणि गोल गरगरीत हॉटेलमालक पाहुण्यांना सांगत होता, "ही माझ्या वडिलांची गाडी बरं का! हिच्यातच मी लहानाचा मोठा झालो. मागे बसायचो, उजव्या खिडकीशी. काय ते दिवस!"

पाहुणे "वा वा!" करत होते. एका बाईंनी तर रुमाल काढला.

"खोटारडा!" पक्कड पुटपुटला.

"थांब," थोरलीचे डोळे चमकले. "भुंग्या, ते उजवं मागचं दार. तू काल सांगत होतास ना काहीतरी?"

"आतून उघडत नाही! हँडल ओढून फुकट. खांद्याने धक्का द्यायचा आणि हँडल वर उचलायचं. तिच्या घरच्यांनाच जमायचं. आणि आता मला."

"पक्कड, तू मामाला घेऊन ये. नाही म्हणाला तरी."

"नाही कसा म्हणतो तेच बघतो!" पक्कड सुटला.

थोरली पुढे झाली. "काका, तुम्ही लहानपणी बसायचात तिथेच बसा ना! फोटो काय सुंदर येईल!"

"हो हो, बसाच!" पाहुणे ओरडले. फोटोवाल्याने कॅमेरा सरसावला.

मालक खुशीत आत शिरला. सोफ्याच्या गादीत कमरेपर्यंत रुतला. थोरलीने दार लावलं. खट्! फोटो निघाला.

"आता या बाहेर!"

मालकाने हँडल ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. दुसऱ्या बाजूला भिंत. पुढच्या सीटवरून जाऊ म्हणाला तर पोट आडवं आलं! त्याने काचेचं हँडल फिरवलं, ते निखळून हातात आलं!

"काका, लहानपणी कसं उघडायचात हो?" भुंग्याने काचेला नाक लावून विचारलं.

पाहुण्यांत खसखस पिकली. मालकाला घाम फुटला. "विसरलो... खूप वर्षं झाली... अरे उघडा!"

"बाहेरून हँडल आहे की!" एक पाहुणा पुढे झाला.

"थांबा!" थोरली दारापुढे उभी राहिली. "ज्याची गाडी त्याला आतून उघडता येते. भुंग्या, जा!"

भुंगा पुढच्या दाराने आत शिरला, सीटवरून मागे उडी मारून मालकाशेजारी पोचला. खांद्याने धक्का, हँडल वर, खटॅक्! दार उघडलं. मालक गडगडत बाहेर आला.

"ही गाडी घड्याळवाल्या काकूंची आहे!" थोरली ओरडून म्हणाली. "आमच्या गल्लीत उन्हाला ठेवली होती. यांनी कुणाला न विचारता उचलून आणली!"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. घरातल्या चपला, विस्कटलेले केस, असा मामा आला. पक्कडने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. मामाने गाडीभोवती एक फेरी मारली, छतावरच्या पोच्याला हात लावला आणि मान हलवली. तीच.

डेकोरेटर ततपप करायला लागला. "मला वाटलं टाकलेली..."

"मी तर नुसतं म्हटलं, जुनी गाडी आण!" मालक म्हणाला. "तू विचारलंस असेल असं मला वाटलं."

"आणि तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही?" एका म्हाताऱ्या पाहुण्याने फटकारलं. "दुसऱ्याच्या बापाची गाडी आपल्या बापाच्या नावावर? जिथून आणलीत तिथे पोचवा. आत्ता!" मग तो पोरांकडे वळला. "शाब्बास रे वाघांनो!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी पक्कडला खांद्यावर घेतलं. भुंगा चौथ्या गिअरमध्ये!

थोरली मात्र गाडीच्या आत होती. तिने उजव्या काचेजवळ तोंड नेलं.

हाऽऽ.

काच पांढरी झाली. नुसती पांढरी. थोरली थांबली. वाफ कडेकडेने आत ओसरत गेली, काच साफ झाली. मध्ये काहीच नव्हतं. तिने जरा वर हाऽऽ केलं. खाली केलं. दुसऱ्या कोपऱ्यात केलं.

डेकोरेटर दारात वाकून म्हणाला, "पोरी, काच कशी आहे बघ! साबणाने धुतली, मग स्पिरिटने पुसली. काय घाण होती, तेलकट डाग नुसते! निघता निघत नव्हते."

थोरली गाडीतून उतरली.

टेम्पोने गाडी गोदामात तिच्या नेहमीच्या जागी, शटरपाशी आणली. मामाने तिची जुनी सीट उचलून आत बसवली. मामीने तिघांची पाठ थोपटली. चौकीतला साहेब स्वतः आला. "कमाल केलीत! आमच्या खात्यात या मोठे होऊन!" आला तसा एक हॉर्न दाबून गेला.

मामा पोरांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मी हात टेकले होते रे. तुम्ही नाही टेकलेत." भंगारवाल्याला त्याने नको म्हणून कळवलं. तरी त्याचं लक्ष सारखं त्या काचेकडे. त्यालाही कळलं होतं.

गोदामामागे तिघं एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

"आपण काढू या का?" पक्कड हळूच म्हणाला. "बिस्किट आणतो. जहाज काय, मला येतं."

"बोट कुणाचं लावशील?" थोरली म्हणाली.

पक्कडने हात खिशात घातले.

रविवारी काकू आली. लाल रंग बघून क्षणभर थबकली. "नवी कोरी केली की हो!" मामाला म्हणाली आणि मागच्या सीटवर, उजव्या खिडकीशी जाऊन बसली. तिघं भिंतीला चिकटून उभे. जीव मुठीत धरून.

काकूने हाऽऽ केलं. एकदाच.

मग वाफ विरेपर्यंत ती बघत राहिली, आणि विरल्यावरही बघत राहिली. शेवटी थोरलीला राहवेना. ती दाराशी गेली. "काकू, आम्ही थांबायला हवं होतं. आम्ही तिघंही..."

काकू काचेकडेच बघत होती. "इथून समोरचं झाड दिसतं गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं बसले, मला कधी कळलंच नाही."

ती बाहेर आली. दार तिने अगदी सावकाश लावलं, आत कुणी झोपलं असावं तसं. मग तिघांच्या गालांवरून एकेकदा हात फिरवला. तिच्या बोटांना घड्याळाच्या तेलाचा वास होता.

"गुणी पोरं आहात," ती म्हणाली. "आणलीत हो. आणलीत."

सुट्टीत मिळालेली ती सगळ्यांत मोठी शाबासकी. तिघांपैकी एकालाही ती गिळवली नाही.

पुढच्या रविवारी औषधवाले अण्णा आले, त्या दोघी बहिणीही आल्या, भांडल्या, गेल्या. काकू आली नाही. बदामी गाडी तिथेच होती. म्हणजे लाल.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी मामा नेहमी आत एक हाक मारायचा, "कुणी बसलंय का?" त्या दिवशी त्याने हाक मारली नाही. शटर ओढलं, कुलूप लावलं आणि तिघांच्या पुढे घराकडे चालू लागला.